ऐकणाऱ्यांचे प्रवचन

1427 सालच्या ऑगस्ट महिन्यात इटलीतल्या सिएना शहराच्या मुख्य चौकात फ्रान्सिस्कन या भिक्षुसंघाचे संत बर्नार्दिनो यांनी प्रवचनमाला सुरू केली, तेव्हा श्रोत्यांमध्ये बेनेदेत्तो नावाचा एक कारागीर रोज येऊन बसत असे. विणून आलेल्या लोकरी कापडावर उठलेले तंतू मोठ्या कात्रीने समतल कापणे हा त्याचा धंदा. त्याला बायको व बरीच मुले होती, मालमत्ता थोडी आणि सद्गुण पुष्कळ होते, एवढीच त्याची ओळख या प्रवचनांच्या हस्तलिखिताच्या प्रस्तावनेत दिलेली आहे. त्या दिवसांत कामधंदा बाजूला ठेवून तो मेणाच्या पाट्यांवर टोकदार लेखणीने प्रवचन शब्दशः टिपून घेई, आणि दुकानी परतल्यावर दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वी ते सगळे कागदावर उतरवी. त्याच्यामुळे त्या मालेतली 45 प्रवचने आज वाचता येतात.

बेनेदेत्तोचे महत्त्व कळण्यासाठी इतर प्रवचने कोणत्या रूपात उरली आहेत हे पाहावे लागते. मध्ययुगीन युरोपातल्या प्रवचनांची हस्तलिखिते ग्रंथालयांमध्ये विपुल आहेत, पण त्यांतली बहुसंख्य लॅटिनमध्ये आहेत, धर्मगुरूंनी धर्मगुरूंसाठी लिहिलेली आहेत, आणि ती वाचताना आपल्या हाती प्रवचन लागले नसून त्याचा आराखडा लागला आहे असे सतत वाटत राहते. शास्त्रातले एक वचन घ्यायचे, त्याचे बहुधा तीन भाग पाडायचे, प्रत्येक भागाला पवित्र शास्त्रातला आणि पूर्वसूरींच्या ग्रंथांतला आधार द्यायचा, आणि मध्ये कुठेतरी अमुक कथा सांगावी अशी त्रोटक सूचना करून पुढे जायचे, असा तो साचा. ती कथा कशी सांगितली, लोक कुठे हसले, कोण उठून गेले, याचा त्यात मागमूस नसतो. बेनेदेत्तोने मात्र काही म्हणजे काही गाळले नाही. चौकातल्या कारंज्यापाशी सौदे करत बसलेल्यांना बर्नार्दिनो मध्येच ओरडून तिथून दुसरीकडे जायला सांगतात, ते त्यात आहे. डुलक्या घेणाऱ्या बायकांना ते झापतात, तेही आहे. प्राण्यांच्या आवाजांच्या नकला आहेत, स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच दिलेली उत्तरे आहेत. बोलणे साफ असावे, म्हणजे ऐकणारा समाधान आणि उजेड घेऊन घरी जाईल, नुसता दिपून जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, व प्रवचन यांपैकी एकच साधणार असेल तर मिस्सा सोडा, प्रवचन सोडू नका, असे एका धर्मगुरूने भर चौकात म्हटल्याचे वाचून आजच्या भाविकाच्याही भुवया उंचावतील.

मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले, म्हणून कदाचित हे वाक्य मला इतरांपेक्षा जास्त थांबवते. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई, फादर वेदीकडे तोंड करून उभे राहत, आणि प्रवचनापुरते लोकांकडे वळून मराठीत बोलत. आजीला लॅटिन प्रार्थना अर्थ न कळताही पाठ होत्या. पण चर्चमध्ये ऐकलेले म्हणून ती आम्हा मुलांना जे काही सांगे, ते सगळे प्रवचनांतलेच असे. घरात आम्ही सामवेदी ही वसईची बोली बोलत असू आणि प्रवचनातली मराठी पुस्तकी असे, त्यामुळे तिथेही एक पायरी चढावी लागत असे, हे निराळे. लोकांच्या भाषेत बोलायचे ठरवल्यावरही लोकांची भाषा नेमकी कोणती हा प्रश्न उरतोच, आणि तो फार जुना आहे.

813 साली, फ्रँक सम्राट शार्लमेनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, फ्रान्समधल्या तूर येथे भरलेल्या धर्मसभेने बिशपांना असा आदेश दिला की प्रवचने गावठी रोमन भाषेत किंवा जर्मन भाषेत उघडपणे भाषांतरित करून सांगावीत, म्हणजे सर्वांना ती समजणे सोपे जाईल. याचा अर्थ, चर्चमध्ये वाचली जाणारी लॅटिन आणि शेतात बोलली जाणारी तिचीच लेक यांच्यात एवढे अंतर पडले होते की ते कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हापासून प्रवचनाचे दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागतात. धर्मगुरू, मठवासी आणि पुढे विद्यापीठातले अध्यापक व विद्यार्थी यांच्यासमोर लॅटिन. प्रापंचिकांसमोर त्यांची बोली. गोम अशी की लोकांसमोर बोलीत केलेले प्रवचनही लिहून ठेवताना लॅटिनमध्येच लिहिले जाई, कारण ते पुन्हा वापरणारा दुसरा धर्मगुरू लॅटिनच वाचणार असे. त्यामुळे प्रापंचिकांनी जे ऐकले ते आज आपल्याला धर्मगुरूंच्या झग्यात गुंडाळलेले सापडते.

तेराव्या शतकातले जर्मन फ्रान्सिस्कन बर्टोल्ड यांची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. रेगेन्सबुर्गचे हे प्रवचनकार उघड्या मैदानात एवढ्या मोठ्या जमावापुढे बोलत की त्यांच्यासाठी लाकडी मनोरा उभारावा लागे, आणि इतिवृत्तकार सालिंबेने सांगतात त्याप्रमाणे त्या मनोऱ्याच्या टोकाला एक लहानशी पताका लावलेली असे. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे तिच्यावरून पाहून लोक ऐकू येईल अशा बाजूला जाऊन बसत. बर्टोल्ड बोलत जर्मनमध्ये. पण श्रोत्यांत बसलेले काही अल्पशिक्षित धर्मगुरू आपल्याला झेपेल तेवढे टिपून घेत आणि त्यात चुकीचे बरेच काही घुसत असे, म्हणून नाइलाजाने आपली प्रवचने आपणच लॅटिनमध्ये लिहून काढावी लागली, अशी तक्रार त्यांनी आपल्या संग्रहाच्या सुरुवातीला केली आहे. मैदानात पताकेकडे पाहून जागा धरणाऱ्या माणसांनी काय ऐकले ते त्या लॅटिन पानांवरून ताडावे लागते. माझ्या मते त्या पताकेची नोंद पुष्कळशा लॅटिन पानांपेक्षा मोलाची आहे, कारण ऐकणाऱ्यांची सोय पाहणे हा प्रवचनाचाच भाग आहे, हे तिच्यामुळे दिसते.

भाषेचा प्रश्न असा सुटला, किंवा सुटला असे धरून चालण्यात आले. पण कोणाला काय सांगावे हा प्रश्न त्याहून अवघड होता. पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळांसाठी, म्हणजे बिशपांसाठी, जो ग्रंथ लिहिला त्याचा सर्वांत मोठा भाग याच एका विषयाला दिलेला आहे. पुरुषांना एक सांगावे, स्त्रियांना दुसरे. गरिबांना धीर द्यावा, श्रीमंतांना धाक घालावा. आनंदी माणसाला आणि उदास माणसाला एकच उपदेश करू नये. बाराव्या-तेराव्या शतकांत याची सविस्तर वर्गवारी झाली आणि राजे, सरदार, वकील, व्यापारी, शेतकरी, खलाशी, नोकर, विधवा, विवाहित अशा प्रत्येक थरासाठी नमुना-प्रवचनांचे संग्रह तयार झाले. वरवर हा शहाणपणा आहे, आणि बऱ्याच अंशी खराही. परंतु वर्ग पाडले की भिंतीही येतात. इंग्लंडमध्ये चर्चवर कडक टीका करणारा धर्मपंडित वायक्लिफ याच्या अनुयायांचा बंदोबस्त करण्यासाठी आर्चबिशप अरंडेल यांनी 1409 मध्ये जे नियम जारी केले, त्यांत असे कलम आहे की धर्मगुरूंपुढे बोलणाऱ्याने धर्मगुरूंच्या दोषांविषयी बोलावे, प्रापंचिकांपुढे बोलणाऱ्याने प्रापंचिकांच्या, आणि याची उलटापालट करू नये. म्हणजे धर्मगुरूंचे लोभ, आळस, व्यभिचार यांचे वाभाडे काढायला परवानगी होती, पण दाराआड आणि लॅटिनमध्ये. चौकातल्या माणसाने केवळ स्वतःची पापे ऐकायची. हा नियम करावा लागला याचाच अर्थ तो पूर्वी सर्रास मोडला जात होता, आणि तसा तो मोडत आलेल्या प्रवचनांचे पुरावे भरपूर आहेत.

बोलणारा कोण, याचीही भिंत होती. फ्रान्समधल्या लियोंचा श्रीमंत व्यापारी वाल्देस याने 1173च्या सुमारास एका रविवारी रस्त्यावरच्या गायकाच्या तोंडून श्रीमंत घर सोडून भिकाऱ्याचे जिणे पत्करणाऱ्या संत अलेक्सिस यांची कथा ऐकली, म्हणजे प्रवचनही नव्हे, आणि सगळी संपत्ती वाटून टाकून तो शुभवर्तमान सांगत फिरू लागला. पवित्र शास्त्राचे उतारे त्याने बोलीभाषेत करून घेतले होते. 1184 मध्ये त्याच्या अनुयायांना पाखंडी ठरवण्यात आले. त्यांचा मुख्य गुन्हा अनुमतीवाचून प्रवचन करणे हाच होता. पुढे 1201 मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी लोंबार्डीतल्या एका प्रापंचिक गटाला मर्यादित परवानगी दिली: सदाचाराविषयी आवाहन करा, पण श्रद्धेची तत्त्वे आणि चर्चचे संस्कारविधी यांना हात लावू नका. स्त्रियांना तेवढीही मुभा नव्हती. आणि तरीही बिंगेनच्या मठकन्या संत हिल्डेगार्ड वयाच्या साठीनंतर ट्रिअर आणि कलोन या शहरांत गेल्या, त्यांनी तिथल्या धर्मगुरूंना त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल फैलावर घेतले, आणि कलोनच्या धर्मगुरूंनी नंतर पत्र पाठवून ते बोलणे लेखी मागवले. शिव्या खाऊन वर त्यांची प्रत मागवणारा हा श्रोतृवर्ग मला फार आवडतो.

धर्मगुरूंसाठीच्या आणि मठवासीयांसाठीच्या प्रवचनांमध्ये सर्वांत उंच शिखर म्हणजे फ्रान्समधल्या क्लेअरव्होचे मठाधिपती संत बर्नार्ड यांची गीतरत्नावरची, म्हणजे बायबलमधल्या प्रेमकाव्यावरची, प्रवचने. 1135 मध्ये त्यांनी ती सुरू केली, 1153 मध्ये मृत्यू येईपर्यंत 86 लिहून झाली, आणि एवढ्यात मूळ काव्याचा तिसरा अध्याय जेमतेम सुरू झाला होता. पहिल्याच वाक्यात ते म्हणतात की बंधूंनो, तुम्हाला जगातल्या लोकांपेक्षा वेगळ्या गोष्टी सांगायला हव्यात, निदान वेगळ्या रीतीने तरी. त्यांना दूध, तुम्हाला भाकर, अशी ती प्रेषित पौलाच्या शब्दांवर उभी केलेली विभागणी आहे. पण 26व्या प्रवचनात काय होते पाहा. वचनातल्या केदारच्या तंबूंचा अर्थ सांगता सांगता बर्नार्ड अचानक थांबतात. मठाचा सारा व्यवहार सांभाळणारा त्यांचा सख्खा भाऊ जेरार्ड नुकताच वारलेला असतो, त्याच्या दफनाच्या वेळी त्यांनी डोळ्यांतून टिपूसही काढलेले नसते, आणि आता बांध फुटतो. उरलेले सगळे प्रवचन म्हणजे भावासाठी केलेला विलाप आहे. त्यात प्रगत साधकांसाठी राखून ठेवलेला असा कोणताही गूढार्थ नाही. भाऊ गेलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते जसेच्या तसे कळले असते.

याच बर्नार्ड यांनी 1146च्या मार्चमध्ये वेझले येथे दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली आणि त्याच वर्षी पुढे ते जर्मन प्रदेशात फिरले. त्यांचे चरित्रकार सांगतात की बर्नार्ड फ्रेंच वळणाच्या बोलीत बोलत आणि जर्मन लोक एक शब्द न कळता छाती बडवून रडत. नंतर दुभाषा तेच चांगल्या जर्मनमध्ये समजावून सांगे तेव्हा मात्र त्यांच्यावर तेवढा परिणाम होत नसे. चरित्र शिष्यांनी लिहिलेले असल्यामुळे त्यातला भक्तिभाव वजा करूनच ते वाचायला हवे. तरी यात जे गृहीत धरले आहे ते विलक्षण आहे: तूरच्या धर्मसभेने सांगितलेली समजेल अशी भाषा एका बाजूला आणि न समजताही हलवून सोडणारा आवाज दुसऱ्या बाजूला. त्या आवाजाची दुसरी बाजूही त्याच महिन्यांत दिसली. राडुल्फ नावाचा एक मठवासी ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत धर्मयुद्धाचाच प्रचार करत होता आणि त्याच्या बोलण्याने पेटलेल्या जमावांनी ज्यू लोकांची कत्तल केली. त्याला गप्प करून मठात परत पाठवण्यासाठी बर्नार्ड यांना स्वतः माइन्त्सला जावे लागले. सिएनाच्या ज्या प्रवचनांचे कौतुक मी वर केले, त्यांतही चेटकीण ठरवून रोममध्ये जिवंत जाळलेल्या स्त्रीची हकीकत बर्नार्दिनो समाधानाने सांगतात आणि श्रोत्यांनी आपल्या शहरातल्या अशा बायकांची नावे कळवावीत असे बजावतात. बेनेदेत्तोने तेही शब्दशः टिपले आहे. साफ बोलण्याचा आग्रह धरणारा माणूस हे सुद्धा तितकेच साफ बोलतो, ही गोष्ट नजरेआड करून या प्रवचनांविषयी लिहिता येणार नाही.

आता झोपणाऱ्यांविषयी. जर्मनीतल्या हाइस्टरबाख मठातले सीझेरियस तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहितात की त्यांचे मठाधिपती गेव्हार्ड एका सणाच्या दिवशी मठवासीयांपुढे प्रवचन करत होते. पुष्कळजण डुलक्या घेत होते, काही तर घोरत होते. तेव्हा मठाधिपतींनी आवाज चढवून म्हटले, “ऐका बंधूंनो, ऐका, तुम्हाला एक नवी आणि मोठी गोष्ट सांगतो. आर्थर नावाचा एक राजा होता.” सगळे खडबडून जागे झाले. गोष्ट पुढे गेलीच नाही. देवाविषयी बोललो तेव्हा तुम्ही झोपलात आणि हलके काही काढल्याबरोबर कान टवकारलेत, असे म्हणून त्यांनी सर्वांना खडसावले. हे ऐकणारे अडाणी प्रापंचिक नव्हते. लॅटिन जाणणारे, दिवसातून अनेकदा स्तोत्रे गाणारे व्रतस्थ होते.

गोष्टींची गरज साध्या, अशिक्षित लोकांना असते, असे प्रवचनशास्त्राचे ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतात. झाक द व्हित्री हे त्या काळातले नामांकित प्रवचनकार, पुढे कार्डिनल झालेले. त्यांनी आपल्या नमुना-प्रवचनांत शेकडो दृष्टान्तकथा पेरल्या. त्यांतली एक मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. एक म्हातारी मडक्यात दूध घेऊन बाजाराला निघते. दूध विकून कोंबडी घेईन, पिल्ले विकून डुक्कर, डुकरे विकून शिंगरू, आणि त्यावर बसून दौडत जाईन, असे मनाशी म्हणत ती टाच मारते, टाळ्या वाजवते, आणि मडके फुटते. पंचतंत्रातल्या सातूचे पीठ भरलेल्या घड्याखाली पडून संसाराची स्वप्ने पाहणाऱ्या ब्राह्मणाची ही नात. सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, आठव्या शतकात अरबीत, नंतर हिब्रूत आणि तेराव्या शतकात लॅटिनमध्ये अशी पंचतंत्राची भाषांतरे होत गेली. शिवाय इतर संग्रहांतून आणि तोंडी अशा कथा सुट्या सुट्याही पश्चिमेला पोहोचल्या, आणि तिथे त्यांना सर्वांत मोठे ग्राहक मिळाले ते प्रवचनकार.

डोमिनिकन संघाचे एत्येन द बूरबों हे अशाच कथा जमवणाऱ्यांतले. 1261च्या सुमारास वारण्यापूर्वी त्यांनी प्रवचनकारांसाठी दृष्टान्तांचा एक अवाढव्य संग्रह रचायला घेतला होता, आणि तो अपुरा राहिला. लियोंच्या उत्तरेला दोंब नावाच्या तळ्यांच्या मुलखात ते चेटूक आणि अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध प्रवचने करत होते आणि पापनिवेदने ऐकत होते. तेव्हा अनेक बायकांनी आपण आपली मुले संत गिनफोर यांच्याकडे नेल्याचे सांगितले. एत्येन यांना आधी वाटले की हा कोणी खरा संत असावा. चौकशी केल्यावर कळले की तो कुत्रा होता. एका गढीतल्या सरदाराच्या तान्ह्या मुलावर सापाने चाल केली, घरच्या शिकारी कुत्र्याने त्याला फाडले, झटापटीत पाळणा उलटला, आणि रक्ताने माखलेले कुत्र्याचे तोंड पाहून सरदाराने त्यालाच तलवारीने मारले. मग मूल सुखरूप झोपलेले दिसले आणि शेजारी सापाचे तुकडे. पश्चात्ताप झालेल्या घरच्यांनी कुत्र्याला विहिरीत पुरून वर दगडांची रास रचली आणि भोवती झाडे लावली. मुंगूस आणि ब्राह्मणीची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली आहे त्याला पुढचे सांगायला नको. घागर जाऊन तलवार आली, एवढाच फरक.

म्हणजे जी गोष्ट कुठल्याही प्रवचनकाराने अविचारी क्रोधाविरुद्धचा दृष्टान्त म्हणून खुशाल सांगितली असती, ती या खेड्यांतल्या आयांनी दृष्टान्त म्हणून न ऐकता खरी मानली, कुत्र्याला हुतात्मा ठरवले आणि आपली खंगलेली लेकरे त्याच्या पायी नेऊन घातली. त्यांनी ती कुठे ऐकली हे एत्येन सांगत नाहीत. पण कथा सांगणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, हे याहून उघड करणारे उदाहरण मला तरी त्या सबंध काळात सापडलेले नाही. आणि पापनिवेदनात त्या बायकांनी हे सहज सांगून टाकले, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

एत्येन यांनी गावकऱ्यांना त्या जागी जमवले, या प्रकाराविरुद्ध प्रवचन केले, कुत्र्याची हाडे उकरून काढली, झाडे तोडून हाडांसह जाळली, आणि पुन्हा तिथे कोणी गेल्यास त्याची मालमत्ता जप्त करण्याचे फर्मान जमीनदारांकडून काढवले. 1870च्या दशकात एक स्थानिक अभ्यासक त्या रानात गेला, तेव्हा आजारी मुलांसाठी तिथे जाण्याची चाल संपलेली नव्हती. हे सगळे ठाऊक असल्यावर एत्येन यांचा मजकूर पुन्हा वाचताना त्यातले प्रमाण डोळ्यांत भरते. आपल्या प्रवचनात आपण काय युक्तिवाद केला, कोणते वचन घेतले, लोकांनी काय उत्तर दिले, यातले ते काही सांगत नाहीत; प्रवचन केले, एवढे म्हणून मोकळे होतात. बायकांच्या विधीचे वर्णन मात्र सविस्तर आहे: वाहिलेले मीठ, काटेरी झुडपांवर टांगलेली बाळाची दुपटी, दोन झाडांच्या मधून नऊ वेळा पलीकडे दिलेले मूल, त्याच्या उशाशी लावलेल्या मेणबत्त्या, आणि शेवटी जवळच्या नदीच्या वेगवान पाण्यात त्याला दिलेल्या नऊ बुचकळ्या.